मोटारीची मागची काच

डिसेंबर महिन्यातली गोष्ट. आमच्या लातूरच्या शाळेतील चार विद्यार्थी आणि मी असे पाच जण विज्ञान प्रदर्शनासाठी माझ्या मोटारीने नांदेडला निघालो होतो. चाकूर, अहमदपूर मागे टाकून आम्ही लोह्याला चहासाठी थांबलो. प्रयोगाचे सामान गाडीच्या डिकीत रचून ठेवले होते. त्यात प्रयोगशाळेतला एक लोखंडी स्टँडही होता. नववीतल्या एका मुलाने पाण्याची बाटली काढण्यासाठी डिकीचे दार उघडले आणि बाटली काढून ते पुन्हा खाली ओढले. मधल्या वेळात आतला स्टँड जरासा सरकला होता. त्याच्या दांड्याचे टोक आतून काचेला लागले. ‘फट्’ असा आवाज झाला आणि पापणी लवते न लवते तोच सबंध काच पांढरी पडली. पाठोपाठ ती खडीसाखरेच्या दाण्यांसारखी खाली ओघळली. चौकटीत काचेचा एकही मोठा तुकडा उरला नाही.

मुलाचा चेहरा पार उतरला. “सर, मी दार आपटलं नाही हो. हळूच लावलं,” तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. त्याचे म्हणणे खरे होते. मी शेजारीच उभा होतो. याच काचेवर वाटेत खडी उडाली होती, महिनोन्‌महिने उन्हातान्हात ती तापली होती, पण तिला काही झाले नव्हते. मग दांड्याच्या एवढ्याशा टोकाने तिचा असा चुरा का व्हावा? चुराच का व्हावा, खिडकीच्या काचेसारखे लांब, धारदार तुकडे का होऊ नयेत? आणि आता नवी काच बसवायची ती कोणती? पुढचे तीन दिवस आम्ही या प्रश्नांचीच चर्चा करीत होतो. ती तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

आधी प्रवासाची सोय

काच फुटली तरी नांदेडला पोचायचे होतेच. प्रथम आम्ही गाडीचे फोटो काढून ठेवले, कारण विम्यासाठी ते लागतात. मग जाड कापड हाताला गुंडाळून सीटवरचे दाणे गोळा केले. हे दाणे बोथट असले तरी त्यांत बारीक कपच्या असतात. त्या डोळ्यात गेल्या तर इजा होऊ शकते, म्हणून दाणे कधी फुंकरीने उडवू नयेत. नंतर मागच्या उघड्या जागेवर जाड प्लॅस्टिकचा कागद चिकटपट्टीने घट्ट बसवला.

“सर, मागून वारा आला तर बरंच की, कागद कशाला?” एका मुलीने विचारले. प्रश्न चांगला होता. गाडी पुढे धावते तेव्हा ती हवा कापत जाते आणि तिच्या पाठीमागे हवेचे भोवरे तयार होतात. तेथे हवेचा दाब कमी असतो. धुरांड्यातून बाहेर पडलेला धूर आणि रस्त्यावरची धूळ या भोवऱ्यांत अडकते आणि मागची जागा उघडी असली तर गाडीत ओढली जाते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही; त्यामुळे तो आत आल्याचे कळतही नाही. म्हणून मागे कागद लावला, पुढच्या काचा थोड्या उघड्या ठेवल्या आणि पंखा बाहेरची हवा आत घेईल असा लावला. ताजी हवा पुढून येत राहिली की मागचा धूर आत शिरत नाही.

काच फुटते कशी?

मित्रहो, काच दाबली असता सहजासहजी फुटत नाही. ती फुटते ओढली गेली की. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक ओरखडे असतात. काच वाकवली की तिची एक बाजू ताणली जाते. त्या बाजूच्या ओरखड्याच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो, ओरखडा उघडतो आणि त्याचा तडा होतो. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे प्रथम नीट समजावून सांगितले. काचेचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. तिचा कच्चेपणा असतो तो या ओरखड्यांत.

मग ओरखडे उघडूच नयेत अशी व्यवस्था केली तर? एक साधा प्रयोग करा. दहा-बारा पुस्तके टेबलावर एकमेकांना लावून उभी ठेवा. दोन्ही टोकांना तळहात लावून जोराने दाबा आणि सबंध रांग उचला. मधली पुस्तके कशानेच बांधलेली नाहीत, तरी ती पडत नाहीत. दाब आहे तोवर दोन पुस्तकांमधली फट उघडू शकत नाही. काचेच्या पृष्ठभागावरही असाच कायमचा दाब ठेवता आला, तर तिला फोडू पाहणाऱ्या ताणाला आधी तो दाब संपवावा लागेल आणि मगच ओरखडा उघडता येईल. मोटारीच्या मागच्या काचेत नेमकी हीच युक्ती वापरलेली असते. या काचेला टफन्ड म्हणजे कणखर केलेली काच म्हणतात.

चाकाची धाव आणि कंदिलाची काच

हा दाब काचेत भरायचा कसा? आपल्या मराठवाड्यातील लोहार हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना तुम्ही पाहिले असेल. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. ती तापवून लाल झाली की प्रसरण पावते आणि चाकावर बसते. मग तिच्यावर पाणी ओततात. धाव आकुंचन पावते आणि लाकडाला चहूबाजूंनी आवळते. शेवटी धाव ताणलेली राहते, लाकूड दाबलेले राहते आणि चाक पक्के होते.

कारखान्यात काचेचे असेच करतात, फक्त धाव आणि लाकूड दोन्ही तीच काच असते. आधी काच हव्या त्या आकाराची कापतात, तिच्या कडा घासतात आणि भोके पाडायची असतील तर पाडून घेतात. मग ती भट्टीत सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. या तापमानाला काच वितळत नाही, पण मऊ होते आणि तिला गाडीला साजेसा बाक देता येतो. लगेच तिच्या दोन्ही बाजूंवर शेकडो नळ्यांतून थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग चटकन थंड होऊन घट्ट होतो, तेव्हा आतला भाग अजून गरम असतो. नंतर आतला भाग निवू लागतो. पृष्ठभागाला आता थोडेच निवायचे उरलेले असते, तर आतल्या भागाला पुष्कळ. म्हणून आतला भाग अधिक आकुंचन पावू पाहतो. पण घट्ट झालेली बाहेरची कातडी त्याला चिकटलेली असते. आतला भाग तिला ओढतो आणि ती दाबली जाते. आतला भाग झाला धाव आणि बाहेरची कातडी झाली लाकूड.

येथे एक शंका यावी. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते. मग भट्टीतल्या काचेवर थंड हवा मारल्यावर ती का तडकत नाही? कंदिलाची काच गरम असली तरी घट्टच असते. थेंब पडलेली जागा आकसू पाहते आणि भोवतालची गरम काच तिला आकसू देत नाही. त्या जागी ताण निर्माण होतो आणि तडा जातो. भट्टीतून निघालेली काच मात्र इतकी मऊ असते की पृष्ठभागावर सुरुवातीला येणारा ताण ती किंचित सरकून जिरवून टाकते. म्हणून तापमान पुरेसे नसताना झोत सोडले तर तीही तडकेल.

अशा काचेच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे हजार किलोग्रॅम वजनाइतका दाब कायम असतो. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते.

राजपुत्राचे थेंब

पण या मजबुतीची किंमत मोजावी लागते. ती समजण्यासाठी साडेतीनशे वर्षांहून जुनी एक गंमत ऐका. प्रिन्स रूपर्ट या राजपुत्राने १६६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये काचेचे विचित्र थेंब आणले. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की त्याला जाड डोके आणि बारीक शेपूट येते. त्याचे डोके हातोडीच्या घावानेही फुटत नाही. पण शेपटीचे टोक मोडले की सबंध थेंबाचा स्फोट होऊन भुगा होतो. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६१ मध्ये या थेंबांची तपासणी केली, पण कोडे पुष्कळ काळ सुटले नाही. १९९४ मध्ये अतिवेगवान छायाचित्रणाने असे दिसून आले की थेंबातला तडा सेकंदाला सुमारे १४५० ते १९०० मीटर वेगाने धावतो, म्हणजे हवेतल्या आवाजाच्या वेगाच्या चौपटीहून अधिक वेगाने. (हे थेंब घरी करू नका. भुग्याने डोळे जाऊ शकतात.)

आमच्या काचेचेही तेच झाले. तिची दाबलेली कातडी दोन्ही बाजूंना जाडीच्या साधारण एक-पंचमांश असते. काच साडेतीन मिलिमीटर जाड धरली तर ही कातडी ०.७ मिलिमीटर भरते. ओरखडा या कातडीत संपला तर काच टिकते. दांड्याचे टोक मात्र लहान होते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकला आहात. जोर हाताचाच, पण क्षेत्रफळ टोकाएवढे. त्यामुळे त्या ठिकाणी दाब प्रचंड झाला आणि तडा कातडी भेदून आतल्या ताणलेल्या भागात शिरला. एकदा तो तेथे पोचला की बाहेरच्या जोराची गरजच उरत नाही. काचेत साठलेली ऊर्जाच त्याला पुढे ढकलते. तडा धावत सुटतो, त्याला फाटे फुटतात, फाट्यांना पुन्हा फाटे फुटतात आणि सगळ्या काचेचे दाणे होतात. म्हणून अशा काचेला नुसता तडा जाऊन ती थांबत नाही, आणि म्हणूनच ती जोडता किंवा भरता येत नाही.

त्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे सर, जोर काचेतच होता.” त्याला नेमके समजले होते.

नांदेडमध्ये पडलेला पेच

नांदेडला सामान उतरवून आम्ही काच शोधायला निघालो. खिडक्यांच्या काचा कापून देणारे एक दुकान वाटेत लागले. दुकानदार म्हणाला, “सर, पाच मिलिमीटरची काच कापून चिकटवून देतो. तासाभराचं काम. खर्च निम्म्याहून कमी.” आमच्या गाडीची मागची काच जवळजवळ सपाट होती, त्यामुळे ते शक्यही होते. खिसा पाहता मोह झाला, हे कबूल करतो.

मोटारीच्या काचा बसवणारे एक वयस्कर मिस्त्री जवळच काम करीत होते. त्यांना विचारले. ते म्हणाले, “सर, ती काच घराची. पोरं मागं बसतात ना? धक्का लागला तर सुरीसारखे तुकडे होतील, मानेवर पडतील. दोन दिवस थांबा, गाडीची काच मागवून देतो.”

“चाचा, मग मोठी टफन्ड काच आणून तुम्हीच कापून द्या की,” एक मुलगा म्हणाला. चाचा हसले. “बेटा, ती कापायला हिरा लावला की समोर भुगा!” काचेचे शास्त्र ते हाताने शिकले होते. कापणे म्हणजे कातडी भेदून तडा नेणे आणि तेथे पोचलेला तडा कोणाच्या ताब्यात राहत नाही, हे आपण आताच पाहिले. म्हणून प्रत्येक गाडीची मागची काच कारखान्यातूनच मापाची होऊन येते.

फुटलेल्या काचेच्या दाण्यांवरही नियम आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ४३ क्रमांकाच्या नियमानुसार अशा काचेची फोडून चाचणी घेतात, तेव्हा ५ सेंटीमीटर बाजूच्या चौरसात निदान ४० तुकडे व्हावे लागतात. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०० वा नियम मोटारीच्या काचा सुरक्षा काचेच्याच हव्यात असे सांगतो. पुढच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश पार व्हावा, असेही त्यात आहे. म्हणजे ती खिडकीची काच नुसती धोक्याचीच नव्हे, तर नियमबाह्यही ठरली असती. आम्ही थांबायचे ठरवले. काच छत्रपती संभाजीनगरहून यायची होती.

पुढची काच वेगळी का?

वाट पाहताना एक प्रश्न निघाला. पुढची काचही अशीच असते का? नाही. तिच्यात काचेचे दोन पातळ थर असतात आणि मध्ये प्लॅस्टिकचा चिवट पडदा असतो. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू पडला. तो तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. आत वाळून बसलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने ते धरून ठेवले होते. त्यावरून त्यांनी थरांची काच तयार केली आणि १९०९ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे दगड लागला तरी अशी काच जागेवर राहते आणि चालकाला रस्ता दिसतो. पुढची काच टफन्ड असती तर धावत्या गाडीत ती क्षणात पांढरी होऊन चालक आंधळा झाला असता. मागच्या काचेला ही अडचण कमी. उलट अपघातात दारे अडकली तर ती फोडून माणसांना बाहेर काढता येते.

नवी काच बसते कशी?

तिसऱ्या दिवशी काच आली. चाचांनी आधी तिच्या कोपऱ्यातली खूण दाखवली. त्यात निर्मात्याचे नाव, सुरक्षा मानकाचे चिन्ह आणि काचेचा प्रकार असतो. काच विकत घेताना ही खूण पाहावी. काचेवर आडव्या बारीक रेषाही होत्या. त्या धातूमिश्रित लेपाच्या असून त्यांतून वीज गेली की काच गरम होते आणि तिच्यावरचे दव उडून जाते. जुन्या काचेला अशा रेषा असतील तर नव्या काचेलाही हव्यात.

जुन्या धाटणीच्या गाड्यांत काच रबराच्या पट्टीत बसते. पट्टीच्या खाचेत दोरी घालतात, साबणाचे पाणी लावतात, काच चौकटीला टेकवतात आणि आतून दोरी ओढत नेतात. दोरीबरोबर रबराची कड चौकटीवर चढत जाते. आमच्या गाडीत काच पॉलियुरेथेनच्या डिंकाने चिकटवायची होती. चाचांनी जुना डिंक पात्याने तासला, पण एक-दोन मिलिमीटरचा थर मुद्दाम ठेवला, कारण नवा डिंक त्याला चांगला धरतो. पत्र्यावर पडलेल्या चऱ्यांना प्रायमर लावला, नाही तर तेथे गंज चढतो. मग डिंकाची अखंड पट्टी ओढली, रबरी चोषक लावून काच उचलली, एकदाच नेमकी टेकवली आणि चिकटपट्ट्यांनी धरून ठेवली. काचेची काळी कड शोभेसाठी नसते. सूर्याच्या जंबुपार किरणांनी डिंक खराब होतो. काळी कड त्याला सावली देते.

हा डिंक पाणी उडून वाळत नाही. हवेतील बाष्प शोषून तो रासायनिक क्रियेने घट्ट होतो. आपल्याकडचा डिसेंबर थंड आणि कोरडा, म्हणून त्याला वेळ जास्त लागतो. डब्यावर लिहिलेले तास ठराविक तापमानाचे आणि आर्द्रतेचे असतात. चाचांनी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गाडी हलवू दिली नाही. शिवाय बजावले, “काच थोडी उघडी ठेवूनच दार लावा.” बंद गाडीचे दार जोरात लावले की आतली हवा दबते आणि ओल्या डिंकावरची काच बाहेर ढकलली जाते.

परतताना त्या मुलाने स्टँडला गोणपाट गुंडाळले, तो आडवा ठेवला आणि सुतळीने बांधला. मग वहीत हिशेब मांडला : काच १२० सेंटीमीटर लांब, ५० सेंटीमीटर रुंद, क्षेत्रफळ ६००० चौरस सेंटीमीटर, २५ चौरस सेंटीमीटरचे २४० चौरस, प्रत्येकात ४० तुकडे. “सर, निदान ९६०० तुकडे झाले असतील!” असे सांगताना तो प्रथमच हसला.

करून पाहा आणि विचार करा

१. पोलरॉइड चष्मा लावून उभ्या मोटारीच्या मागच्या काचेकडे तिरके पाहा. डोके हळूहळू एका बाजूला कलते करा. काचेवर ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी दिसेल. कारखान्यात हवेचे झोत पडले होते त्याच्या त्या खुणा आहेत. ताणलेल्या काचेतून ध्रुवित प्रकाश जाताना बदलतो, हे डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ च्या सुमारास शोधून काढले. पुढच्या काचेवर अशी नक्षी दिसते का?

२. वरच्या काचेची जाडी साडेतीन मिलिमीटर आणि घनता दर घनसेंटीमीटरला २.५ ग्रॅम धरा. तिचे वस्तुमान किती? (उत्तर : सुमारे सव्वापाच किलोग्रॅम.)

३. तडा सेकंदाला १५०० मीटर वेगाने गेला तर १२० सेंटीमीटर जायला किती वेळ लागेल?

४. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात मोठी गारपीट झाली. मोठी गार एखाद्या मोटारीच्या पुढच्या काचेवर पडली आणि दुसरी मागच्या काचेवर पडली, तर दोन्ही काचांची अवस्था कशी होईल? कारणे द्या.